येणाऱ्या खेळाची वाट

दिवाळीची भाऊबीज आटोपली, कीं भंडारा जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून मंडईचे दिवस सुरू होतात. हलकें धान कापून झालेलें असतें, भारी धान शेतांत पिवळें पडूं लागलेलें असतें, आणि सासरीं गेलेल्या मुली माहेरीं आलेल्या असतात. एका गांवची मंडई आज, तर शेजारच्या गांवची उद्यां, अशा बेतानें हा उत्सव गांवोगांव फिरत राहतो. दिवसा बाजार व दंडार, आणि रात्रीं नाटक. रात्रीं दहाच्या सुमारास सुरू झालेला खेळ पहांटेपर्यंत चालतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांच्या ज्या वनप्रदेशाला झाडीपट्टी असें म्हणतात, तेथील ही जुनी रीत आहे.

या नाटकाचा प्रारंभ मात्र रात्रीं दहाला होत नाहीं. तो कित्येक दिवस आधींच झालेला असतो. गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा, म्हणजेच देसाईगंज, येथें नाटक कंपन्यांचीं कार्यालयें आहेत. गांवची मंडळी तेथें जाऊन नाटक ठरवितात, आणि मग भिंतींवर जाहिरातींचे कागद लागतात. त्या घटकेपासून बोलणें सुरू होतें. यंदाची कंपनी कोणती, नायिका कोण, गेल्या वर्षीं ज्यानें खलपुरुषाची भूमिका करून लोकांच्या शिव्या मिळविल्या तो नट यंदा आहे कीं नाहीं, शेजारच्या गांवानें कोणतें नाटक ठरविलें आहे, याची चर्चा पानठेल्यावर, शेताच्या बांधावर आणि घरच्या ओसरीवर चालते. नाटक पाहून झाल्यावर जें मत बनतें तें निराळें. परंतु पाहण्यापूर्वीं मनांत जें नाटक उभें राहतें, त्याचा कर्ता स्वत: प्रेक्षकच असतो.

हीच रीत आतां दुसऱ्या एका खेळास लागू झालेली आहे. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी या गांवांतील तरुण मुलें येणाऱ्या चित्रपटांविषयीं आणि मालिकांविषयीं बोलूं लागलीं, कीं त्या बोलण्यांत परग्रहावरील प्राणी, कालप्रवास, विचार करणारीं यंत्रें आणि पृथ्वीचा अंत हे विषय हटकून निघतात. मोबाईलच्या पडद्यावर एक-दोन मिनिटांची झलक येते, आणि तिच्यावर तासन् तास खल होतो. वडील माणसांना हा रिकामपणाचा उद्योग वाटतो. जो चित्रपट अजून कोणीं पाहिलेलाच नाहीं, त्याच्यावर वाद तो काय घालावयाचा, असें त्यांचें म्हणणें असतें. आक्षेप वरकरणी बिनतोड दिसतो. परंतु विज्ञानकथेचा इतिहास पाहतां, न पाहिलेल्या खेळाविषयींच्या या बोलण्यानेंच पुष्कळदां खेळाचें भवितव्य ठरविलें आहे, असें आढळून येतें. या इतिहासाचा एक धागा मराठी घरांतूनही गेलेला आहे.

मराठी वाचकाची विज्ञानकथेशीं पहिली ओळख पडद्यावर झाली नाहीं, ती मासिकाच्या पानांवर झाली. ज्यूल्स व्हर्न या फ्रेंच लेखकानें, माणसें तोफेच्या गोळ्यांत बसून चंद्राकडे जातात, अशी कादंबरी १८६५ मध्यें लिहिली. दूर केरळांत राहून कृष्णाजी नारायण आठल्ये हे ‘केरळ कोकिळ’ नांवाचें मराठी मासिक चालवीत असत. त्या मासिकांत १९०० सालीं ही कथा ‘चंद्रलोकची सफर’ या नांवानें मराठींत अवतरली. तेव्हां जगांत विमानही उडालेलें नव्हतें. राईट बंधूंचें पहिलें उड्डाण डिसेंबर १९०३ मधील. अशा वेळीं ज्या ज्या घरीं हें मासिक जाई, तेथें चंद्रावर जाण्याची गोष्ट आपल्या भाषेंत वाचली गेली. आणि मासिक म्हटलें, कीं पुढील अंकाची वाट पाहणें हें आलेंच. एक अंक वाचून संपला, कीं दुसरा हातीं येईपर्यंत वाचकाला तर्क करण्यास पुरा महिना मोकळा असे. विज्ञानकथेचा शौकीन अशा मोकळ्या महिन्यांतच तयार होतो.

त्या काळीं भंडारा जिल्हा मध्यप्रांतांत मोडत असे. बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग भंडारा शहरांतून न जातां जवळच्या वरठीवरून गेला, आणि तेथील स्थानकास भंडारा रोड हें नांव मिळालें. टपाल, वर्तमानपत्रें, नवीं पुस्तकें, जें कांहीं बाहेरच्या जगांतून येई, त्याचा हा मोठा रस्ता होता. धान, पितळी भांडीं आणि कोशाचें कापड यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या या जिल्ह्यांत नवें नवल असें दुरून यावयाचें, आणि येण्यापूर्वीं त्याची वार्ता यावयाची. वाट पाहणें हा येथील रसिकतेचा जणूं एक भागच होऊन बसला.

चित्रपटाची हकीकत याहून चमत्कारिक आहे. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें दाखविण्यांत आलीं. १९०२ मध्यें फ्रान्समध्यें जॉर्ज मेलिएस या जादुगारानें चंद्रावरील सफरीचा एक लहानसा चित्रपट काढला. चंद्राच्या डोळ्यांत घुसलेलें यान हें त्यांतील दृश्य आजही जगभर ओळखलें जातें. त्यानंतर दहा वर्षांनीं दादासाहेब फाळके विलायतेहून कॅमेरा घेऊन परत आले. मेलिएसप्रमाणें तेही जादूचे प्रयोग जाणणारे होते. परंतु चित्रपटासाठीं भांडवल घालण्यास कोणी पुढें येईना. तेव्हां त्यांनीं एका कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला, त्याला कोंब फुटून रोप वाढेपर्यंत रोज थोडें थोडें चित्रण केलें, आणि कित्येक दिवसांची ती वाढ पडद्यावर क्षणार्धांत घडवून दाखविली. तें नवल पाहून पैसा उभा राहिला, आणि त्यांतून ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला. ३ मे १९१३ रोजीं तो मुंबईंत लोकांपुढें आला. महाराष्ट्रांतील चित्रपटाच्या धंद्याला पहिलें भांडवल एका वैज्ञानिक कौतुकानें मिळवून दिलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

पुढें मात्र वाट वळली. १९१७ चा ‘लंकादहन’ आणि १९१९ चा ‘कालिया मर्दन’ यांत फाळक्यांनीं छायाचित्रणाच्या युक्त्या पौराणिक चमत्कार दाखविण्यासाठीं वापरल्या. याचें कारण उघड आहे. मूकपटाच्या काळीं प्रेक्षकाला आधींच ठाऊक असलेली कथा सोईची होती. मारुति आकाशांत कां उडतो हें कोणास समजावून सांगावें लागत नसे. पुष्पक विमानाचें यंत्र कोणीं विचारीत नसे. मात्र पौराणिक खेळाची वाट पाहणें आणि विज्ञानकथेची वाट पाहणें यांत एक मोठा भेद आहे. पौराणिक खेळाचा शेवट सर्वांना माहीत असतो. म्हणून येणाऱ्या खेळाविषयीं प्रश्न एकच उरतो, कीं हे लोक तो कसा दाखविणार? विज्ञानकथेच्या बाबतींत दुसराही प्रश्न मोकळा राहतो, कीं पुढें होणार काय, आणि असें खरोखर होऊं शकेल काय? या दुसऱ्या प्रश्नापाशीं करमणूक आणि विचार एकमेकांना भेटतात.

हा दुसरा प्रश्न मोठ्यानें विचारण्याची प्रथा अमेरिकेंत पडली. एप्रिल १९२६ मध्यें ह्यूगो गर्न्सबॅक यांनीं ‘अमेझिंग स्टोरीज’ हें केवळ विज्ञानकथांना वाहिलेलें मासिक न्यूयॉर्क येथें सुरू केलें. त्यांत वाचकांचीं पत्रें छापलीं जात, आणि पत्रांखालीं लिहिणाऱ्यांचे पत्तेही दिले जात. या साध्या गोष्टीनें मोठें काम केलें. निरनिराळ्या गांवीं एकटे बसून वाचणारे लोक एकमेकांस पत्रें लिहूं लागले. कोणत्या कथेंतील गणित चुकलें, कोणता लेखक पुढें काय लिहिणार, याची खडाजंगी टपालानें होऊं लागली. पत्रांतून मंडळें निघालीं, मंडळांनीं आपलीं हस्तलिखित व चक्रमुद्रित पत्रकें काढलीं, आणि जुलै १९३९ मध्यें न्यूयॉर्क येथें या शौकिनांचें पहिलें जागतिक संमेलन भरलें. सुमारें दोनशें माणसें जमलीं. नांव जागतिक, आणि माणसें एका लग्नाच्या पंगतीइतकीं! परंतु ज्या मुलांना त्या काळीं लोक वेडगळ समजत, त्यांच्यांतूनच पुढें आयझॅक असिमॉव्ह, रे ब्रॅडबरी यांच्यासारखे लेखक निघाले.

या बोलण्यांत किती बळ असतें याचा पुरावा पुढें दूरचित्रवाणीवर मिळाला. ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानाची मालिका अमेरिकेंत ८ सप्टेंबर १९६६ रोजीं सुरू झाली. दुसऱ्या वर्षीं ती बंद पडणार अशी वार्ता फुटली, तेव्हां प्रेक्षकांनीं पत्रांची मोहीम उघडली. पत्रांचा असा पाऊस पडला, कीं चालकांना मालिका आणखी एक वर्ष चालविणें भाग पडलें. १९६९ मध्यें ती बंद झाली, तरी बोलणें बंद झालें नाहीं. १९७६ मध्यें अमेरिकेच्या पहिल्या अंतराळ-विमानास दुसरेंच नांव द्यावयाचें घाटत होतें. शौकिनांनीं थेट राष्ट्राध्यक्षांकडे पत्रें धाडलीं, आणि त्या विमानाला मालिकेंतील यानाचें ‘एंटरप्राइझ’ हें नांव मिळालें. तें विमान चांचणीपुरतेंच होतें, तें अंतराळांत कधीं गेलें नाहीं. तथापि कल्पनेंतील यानाचें नांव खऱ्या विमानावर रंगविलें गेलें, आणि तें प्रेक्षकांनीं रंगवावयास लाविलें, हें खरें.

विदर्भांत या जगाची चाहूल प्रथम ध्वनीनें आली आणि मग चित्रानें. नागपूरचें नभोवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. दूरचित्रवाणीचा प्रयोग दिल्लींत १५ सप्टेंबर १९५९ रोजीं झाला, मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं उघडलें, आणि १९८२ मध्यें राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत चित्रें आलीं. त्यानंतरच्या कांहीं वर्षांत लहान लहान प्रक्षेपकांचें जाळें देशभर पसरलें, आणि जिल्ह्यांच्या गांवींही छपरांवर अँटेना दिसूं लागल्या. आळींत एखाद्याच घरीं संच असे. रविवारीं सकाळीं त्या घरीं मुलांची दाटी होई. कोणी छपरावर चढून अँटेना फिरवी, कोणी खालून ‘आलें, आलें’ म्हणून ओरडे, आणि ऐन वेळीं वीज गेली म्हणजे सगळ्यांचा एकच सुस्कारा निघे.

त्या दशकांत दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ दाखविण्यांत आली. १९८९ च्या सुमारास ‘इंद्रधनुष’ आणि ‘स्पेस सिटी सिग्मा’ या आपल्याकडील मालिका आल्या. १९९८ मध्यें केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ आली, आणि तिचा नायक मिलिंद सोमण या मराठी नटानें रंगविला. आज या मालिकांतील यानें पुठ्ठ्याचीं वाटतात. त्या वेळींही तीं कांहींशीं तशींच वाटत. परंतु आठवड्याला एक भाग, आणि मध्यें सात दिवस मोकळे. त्या सात दिवसांत शाळेच्या मधल्या सुट्टींत जें यान उडे, तें पुठ्ठ्याचें नसे. आठल्यांच्या वाचकाला जो महिना मिळाला होता, त्याचा हा आठवडा वारस होता. भेद एवढाच, कीं ‘केरळ कोकिळ’ मराठी बोलत असे, आणि या मालिका हिंदी अथवा इंग्रजी बोलत होत्या.

येथें या इतिहासांतील अवघड प्रश्न उभा राहतो. मराठींत विज्ञानकथा नव्हती काय? होती, आणि उत्तम होती. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्यें मुंबईंत स्थापन झाली, आणि तिनें विज्ञानकथांच्या स्पर्धा सुरू केल्या. १९७४ च्या स्पर्धेंत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलें बक्षीस मिळालें. लेखकाचें नांव होतें नारायण विनायक जगताप. हें नांव कोणास माहीत नव्हतें, आणि माहीत असण्याचें कारणही नव्हतें. कारण तसा कोणी लेखक नव्हताच. जयंत विष्णु नारळीकर या जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञानें आपल्या नांवाचीं आद्याक्षरें उलटीं फिरवून तें नांव घेतलें होतें. परीक्षकांस हस्ताक्षराचीही ओळख पटूं नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगला यांनीं लिहून दिली होती. आपल्या कीर्तीला नव्हे, तर कथेला बक्षीस मिळावें, एवढाच त्यांत हेतु होता. पुढील वर्षीं कऱ्हाडच्या साहित्य संमेलनांत अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनीं आपल्या भाषणांत या नव्या साहित्यप्रकाराची दखल घेतली.

नारळीकरांच्या बरोबरीनें व मागून बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर असे लेखक पुढें आले. त्याच्या पूर्वींपासून भा. रा. भागवत यांनीं व्हर्न व वेल्स यांच्या कथा मराठी मुलांच्या हातीं दिल्या होत्या. दिवाळी अंकांत विज्ञानकथेचें पान राखलेलें असे, आणि अंक येण्यापूर्वीं यंदा कोणाची कथा आहे याची विचारपूस वाचनालयांतून होई. म्हणजे वाचक होता, लेखक होता, आणि वाट पाहण्याची संवयही होती. नव्हता तो पडदा.

येथें नारळीकरांच्या गुरूंचें उदाहरण फार बोलकें आहे. केंब्रिज येथें ज्यांच्या हाताखालीं नारळीकरांनीं संशोधन केलें, ते फ्रेड हॉईल स्वत: विज्ञानकथा लिहीत असत. त्यांची ‘ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ मध्यें, म्हणजे नारळीकर केंब्रिजला गेले त्याच वर्षीं, प्रसिद्ध झाली. १९६१ मध्यें जॉन एलियट यांच्या साहाय्यानें हॉईल यांनीं लिहिलेली ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची मालिका ब्रिटिश दूरचित्रवाणीवर लागली. दूरच्या तारकाविश्वाकडून एक संदेश येतो, आणि त्यांत एक संगणक बांधण्याची कृति दिलेली असते, असें तिचें कथासूत्र. तिच्यांत मोठीं युद्धें नव्हतीं, राक्षस नव्हते. माणसें खोलींत बसून वाद करीत होतीं. खर्च बेताचा, चित्रें कृष्णधवल. तरी आठवड्यामागून आठवडा इंग्रजी घरें पुढील भागाची वाट पाहत राहिलीं. गुरूची कथा लिहून झाली आणि पडद्यावर गेली. शिष्याच्या व त्याच्या सहकाऱ्यांच्या मराठी कथा, थोडे अपवाद सोडले तर, पुस्तकांतच राहिल्या.

असें कां झालें? पहिलें उत्तर पैशाचें दिलें जातें, आणि तें अगदींच खोटें नाहीं. मराठी चित्रपटाची बाजारपेठ लहान. त्यांतून हिंदी चित्रपट त्याच प्रेक्षकापुढें, त्याच शहरांत, अधिक थाटानें उभा. यानें, परग्रह आणि यंत्रमानव पडद्यावर उभे करणें खर्चाचें काम. म्हणून मराठी विज्ञानपट विरळा. २०१६ मध्यें सुजय डहाके यांनीं ‘फुंतरू’ काढला, तो अशा विरळ्या प्रयत्नांपैकीं एक. परंतु हॉईल यांच्या मालिकेनें पैशाच्या उत्तराचें अर्धें बळ काढून घेतलें आहे. विज्ञानकथेला सर्वांत आधीं लागते ती कल्पना. आणि कल्पनेची मराठींत वाण कधींच नव्हती. वाण होती ती मागणीची. प्रेक्षक जें पुढें येईल त्याची वाट पाहत होता. जें आलें नाहीं त्याच्याविषयीं त्यानें कधीं विचारलें नाहीं.

या ठिकाणीं झाडीपट्टीच्या मंडपाकडे पुन्हां वळावयास हवें. या रंगभूमीचा पोशिंदा म्हणजे तिकीट काढून रात्रभर बसणारा शेतकरी. कोणतें नाटक यावें, कोणती कंपनी यावी, हें गांव ठरवितें. म्हणजे येथें प्रेक्षक केवळ वाट पाहत नाहीं, तो बोलावणें धाडतो. पानठेल्यावरील चर्चेंतून वडशाला जाणारी माणसें निघतात, आणि त्यांच्या शब्दावर नाटक येतें. शहरांतील सुशिक्षित प्रेक्षकाजवळ याहून अधिक साधनें असूनही तो हें करीत नाहीं. या रंगभूमीची कामगिरी देशानेंही मान्य केली आहे. तिच्यावरील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्यें पद्मश्री मिळाली. जुन्या विषयांसाठीं जें बोलावणें जातें, तें नव्या विषयांसाठीं जाऊं शकत नाहीं, असें मानण्याचें कारण नाहीं.

या प्रांतांतील माणसांना अशी कल्पना सुचते काय, अशी शंका कोणीं घेतल्यास तिचें निरसन शेजारच्या नागपुरानें केलेलें आहे. नागपूरच्या आरती कडव यांनीं अभियंत्याचा धंदा सोडून चित्रपटाचा मार्ग धरला, आणि ‘कार्गो’ हा विज्ञानपट काढला. तो २०१९ मध्यें मुंबईच्या चित्रपट महोत्सवांत दाखविण्यांत आला, आणि पुढील वर्षीं घरोघरच्या पडद्यावर आला. त्यांतील अंतराळयानाचें नांव पुष्पक! त्या यानावर राक्षसकुळांतील एक कर्मचारी मृतात्म्यांना पुढील जन्मासाठीं तयार करण्याची नोकरी बजावीत असतो. कचेरींतील कारकुनासारखा तो एकटा, शिस्तीचा आणि कंटाळलेला. फाळक्यांच्या काळीं पुराणाची वाट एकीकडे गेली होती आणि विज्ञानाची दुसरीकडे. या चित्रपटांत त्या दोन्ही वाटा सहज एकत्र आल्या. प्रचंड खर्चावांचून, मोजक्या नटांच्या बळावर तो उभा राहिला. त्याची भाषा मात्र हिंदी आहे. तरी जी कल्पना नागपूरच्या मुलीला सुचली, ती भंडाऱ्याच्या मुलाला मराठींत सुचणार नाहीं, असें कोण म्हणेल?

आतां पुन्हां त्या रिकामपणाच्या आक्षेपाकडे पाहूं गेल्यास त्याचें स्वरूप बदललेलें दिसतें. २०१४ मध्यें ‘इंटरस्टेलर’ या इंग्रजी चित्रपटानें कृष्णविवर पडद्यावर आणलें. त्याची आंखणी किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाच्या सल्ल्यानें झाली होती. तो चित्रपट पाहून अनेक तरुणांनीं कृष्णविवराजवळ काळ मंद कां होतो, हा प्रश्न शिक्षकांना विचारला. प्रश्न उत्तमच होता. परंतु त्याच नांवाची मराठी कथा चाळीस वर्षांपूर्वीं बक्षीस घेऊन गेली होती, हें त्यांच्यापैकीं कितीजणांना सांगितलें गेलें? २०२४ मध्यें ‘कल्कि २८९८ एडी’ हा तेलुगु चित्रपट आला. त्याची कथा मुद्दाम अपुरी सोडलेली असल्यानें पुढील भागाविषयीं तर्कांना ऊत आला. महाभारतांतील अश्वत्थामा आणि भविष्यकाळांतील नगर यांची सांगड त्यांत घातलेली आहे. त्यावर वाद करणारा मुलगा एका बाजूनें आजीला अश्वत्थाम्याची गोष्ट विचारतो, आणि दुसऱ्या बाजूनें पाणी संपलेल्या पृथ्वीचा विचार करतो. हा उद्योग रिकाम्या माणसाचा असला, तरी रिकाम्या डोक्याचा खास नव्हे.

यांत जपण्यासारखी गोष्ट आणखी एक आहे. मंडईच्या खेळाची वाट सारें गांव मिळून पाहतें. रविवारच्या मालिकेची वाट सारी आळी मिळून पाहत असे. आतां प्रत्येकाच्या हातांत निराळा पडदा आहे, आणि सगळे भाग एका रात्रींत पाहून टाकण्याची सोय आहे. मधला महिना गेला, मधला आठवडाही गेला. अशा काळांत चार मुलें एकत्र बसून न पाहिलेल्या चित्रपटावर वाद घालीत असतील, तर ती जुनी सामुदायिक संवय त्यांनीं आपल्या परीनें जिवंत ठेविली आहे, असेंच म्हटलें पाहिजे. त्यांना गप्प बसविण्यापेक्षां त्यांच्या वादांत एखादें मराठी पुस्तक टाकणें अधिक फलदायी होईल.

२३ ऑगस्ट २०२३ रोजीं सायंकाळीं चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागांत उतरलें. तें दृश्य देशांतील असंख्य घरांनीं श्वास रोखून पाहिलें. ‘चंद्रलोकची सफर’ मराठींत आली त्याला तेव्हां एकशें तेवीस वर्षें झालीं होतीं. २०२१ च्या नाशिक येथील साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद नारळीकरांना देऊन मराठी वाचकांनीं विज्ञानकथेचा उचित गौरव केला. २० मे २०२५ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. त्यांच्या कथा ग्रंथालयांतून आहेत. फोंडक्यांच्या, लोंढ्यांच्या, घाट्यांच्या आहेत. त्यांतील कित्येकींना प्रचंड यानें लागत नाहींत. एक खोली, चार माणसें आणि एक विलक्षण प्रश्न एवढें पुरतें.

येत्या भाऊबिजेनंतर झाडींतील गांवें पुन्हां वडशाची वाट धरतील, आणि नाटकांचे करार होतील. जाहिरातींचे कागद लागले, कीं पानठेल्यावर प्रश्न निघेल, कीं यंदा काय येतें आहे? त्याच ठेल्याच्या दुसऱ्या टोंकाला मोबाईल घेऊन बसलेलीं मुलेंही हाच प्रश्न विचारीत असतील. वडील माणसांनीं त्यांना एवढेंच सुचवावें, कीं बाबांनो, काय येणार हें जसें विचारतां, तसें काय यावयास हवें हेंही एकदां ठरवा, आणि ज्यांच्या हातीं पडदा आहे त्यांना कळवा. अमेरिकेंतील मुलांनीं तें पत्रांनीं कळविलें. झाडीपट्टींतील शेतकरी वडशाला जाऊन कळवितो. सुशिक्षित मराठी घरांनीं तें अजून कळवावयाचें आहे.